बेताचे तिखट : उत्तर कोकणचा किनारा आणि सयामी पाकपरंपरा

प्रस्तावना

किल्ले, तह आणि लढाया यांच्या नोंदी काळजीपूर्वक जपणाऱ्या आपल्या इतिहासलेखनाने रोजच्या जेवणाकडे पुष्कळ काळ दुर्लक्ष केले. वास्तविक ज्या गलबतांतून तोफा आल्या त्याच गलबतांतून बियाणेही आले. उत्तर कोकणचा किनारा, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यातील वसईपासून डहाणूपर्यंतची पट्टी, या दृष्टीने विशेष अभ्यासनीय आहे. तारापूर, चिंचणी, केळवे-माहीम, शिरगाव, सातपाटी ही गावे नकाशावर लहान असली तरी हिंदी महासागरातील व्यापाराशी त्यांचा संबंध हजार वर्षांहून जुना आहे.

मुंबईत १९९३ साली कफ परेड येथील एका तारांकित हॉटेलात ‘थाई पॅव्हेलियन’ हे उपाहारगृह सुरू झाले. त्यानंतरच्या तीन दशकांत थाई पदार्थ महानगरातून उपनगरांत आणि तेथून पश्चिम रेल्वेच्या मार्गाने लहान शहरांपर्यंत परिचित झाले. त्यांच्या तिखटपणाचे वर्णन बहुधा ‘मध्यम’ असे केले जाते. या पदार्थांविषयी सुशिक्षित वर्गात दोन समजुती आढळतात. पहिली अशी की, थाई करी ही मूळची भारतीयच असून तिकडे जाऊन तिने केवळ वेष बदलला. दुसरी अशी की, मिरची पोर्तुगीजांनी आणली, सबब दोन्ही देशांची तिखटाची आवड ही पोर्तुगीजांची देणगी होय. पहिलीत राष्ट्राभिमान आहे, दुसरीत वसाहतवादी इतिहासाचा अवशेष आहे. प्रस्तुत लेखात या दोन्ही समजुती पालघर-तारापूर किनाऱ्याच्या पुराव्यावर तपासून पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

मिरचीपूर्वीचे तिखट

चिंचणी येथे विसाव्या शतकाच्या मध्यास सापडलेले ताम्रपट उत्तर कोकणच्या इतिहासाचे एक महत्त्वाचे साधन आहे. त्यांपैकी शके ८४८ चा, म्हणजे इ. स. ९२६ चा ताम्रपट राष्ट्रकूट सम्राट तिसरा इंद्र याच्या काळातील आहे. त्या वेळी संयान म्हणजे संजाण मंडळाचा कारभार मधुमती नावाच्या ताजिक अर्थात अरब अधिकाऱ्याकडे होता. त्याने नदी ओलांडण्यासाठी मोफत तरींची सोय केली व एक अन्नसत्र उघडले. त्या सत्रात शाली तांदळाचा भात, कालवण आणि तूप विनामूल्य मिळे, असा उल्लेख त्यात येतो. एका अरब अधिकाऱ्याने हिंदू राजाच्या वतीने कोकणात अन्नसत्र चालवावे, ही गोष्ट स्वतंत्र लेखाचा विषय आहे. येथे एवढेच पाहावयाचे की, भात आणि त्यावर ओतावयाचे कालवण ही जेवणाची मांडणी या किनाऱ्यावर दहाव्या शतकात रूढ होती. मिरची तेव्हा अटलांटिकच्या पलीकडे होती.

मग या कालवणाला तिखटपणा कशाने येत असे? आयुर्वेदात ‘त्रिकटु’ या नावाने ओळखली जाणारी सुंठ, मिरी आणि पिंपळी ही तीन द्रव्ये याचे उत्तर देतात. त्यांना मोहरी आणि हिंग यांची जोड होती. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात अन्नभोगाचे सविस्तर प्रकरण आहे. त्यात मासे चिंचेच्या कोळात शिजविण्याची रीत येते, मिरी येते, हिंग येतो, मिरची अर्थातच येत नाही. महिकावतीच्या बखरीतील शके १३७० म्हणजे इ. स. १४४८ मध्ये केशवाचार्याने रचलेला भागही मिरचीपूर्व जगातीलच आहे. आज मिरचीवाचून कोळी अथवा वाडवळी स्वयंपाकाची कल्पना करणे कठीण आहे. परंतु बखरीतील बिंब आणि नागरशा यांच्या लढाया लढणाऱ्या माणसांनी ती कधी पाहिलेलीही नव्हती.

सयाममधील स्थितीही याहून फार निराळी नव्हती. तेथेही मिरे, आले, लसूण, कुलिंजन आणि गवती चहा यांवर तिखट-सुगंधी चव उभी होती. पालीग्रंथ ‘महावंस’ अशोकाने पाठविलेल्या धर्मप्रसारकांची जी यादी देतो, तीत अपरान्ताकडे धम्मरक्खित आणि सुवर्णभूमीकडे सोण व उत्तर हे गेल्याचे म्हटले आहे. अपरान्त म्हणजे आपले उत्तर कोकण, ज्याची राजधानी सोपारा. सुवर्णभूमी म्हणजे आग्नेय आशियाचा भूभाग. दोन्ही किनारे एकाच यादीत येतात म्हणून त्यांच्या स्वयंपाकघरांचाही तेव्हापासून संबंध होता, असे मात्र या उल्लेखावरून सिद्ध होत नाही. मोहक असले तरी असे अनुमान टाळले पाहिजे.

वनस्पतींच्या वापरातील फरक तर उलट दिशेने बोट दाखवितो. कुलिंजन आपल्याकडे वैद्याच्या बटव्यात राहिले, सयाममध्ये ते स्वयंपाकघरात गेले. गवती चहा पालघरच्या वाड्यांतून परसात वाढतो, पण त्याची पात चहात अथवा सर्दीच्या काढ्यात पडते. तिकडे त्याचा पांढरा बुंधा ठेचून मसाल्यात घालतात. तुळशीचे उदाहरण अधिकच बोलके आहे. आपण जिला वृंदावनात लावून तिचे लग्न लावतो, तीच वनस्पती थायलंडात ‘कफ्राव’ या नावाने मिरची-लसणाबरोबर परतून मांसात घालतात. वनस्पती एक आणि तिचे समाजातील स्थान अगदी भिन्न. थाई पाककला ही भारतीय पाककलेची शाखा असती, तर तुळस कढईत गेली नसती.

फिरंगाण आणि अयुथ्या

गुजरातचा सुलतान बहादुरशहा याने २३ डिसेंबर १५३४ रोजी झालेल्या तहान्वये वसई आणि तिच्या अंमलाखालील प्रदेश पोर्तुगीजांना दिला. त्याआधी १५३३ मध्ये तारापूरची जाळपोळ त्यांनी केली होती. १५५९ मध्ये दमण त्यांच्या ताब्यात गेल्यावर दमणपासून चौलपर्यंतचा किनारा ‘उत्तर प्रांत’ म्हणून गोव्याच्या अमलाखाली आला. मराठी कागदपत्रांत या मुलखाला फिरंगाण म्हणत. जानेवारी १७३९ मध्ये मराठ्यांनी तारापूरचा किल्ला घेतला. त्या लढाईत बाजी भिवराव हा सरदार कामी आला. त्याच वर्षी मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली वसईही पडली. म्हणजे या किनाऱ्यावर पोर्तुगीज अंमल सुमारे दोनशे वर्षे होता.

सयामशी पोर्तुगीजांचा संबंध याहून थोडा आधीचा आहे. १५११ मध्ये मलाक्का जिंकतानाच अल्बुकर्कने दुआर्ते फर्नांदिस या दूतास अयुथ्येच्या दरबारी पाठविले. १५१६ च्या करारान्वये पोर्तुगीजांना तेथे राहण्याची व व्यापाराची मुभा मिळाली. पुढे चाओ फ्राया नदीकाठी त्यांची वस्ती झाली. १७६७ मध्ये ब्रह्मी सैन्याने अयुथ्या उद्ध्वस्त केल्यावर तेथील ख्रिस्ती कुटुंबे थोनबुरीत आली आणि सांताक्रूझ चर्चच्या आसऱ्याने कुडी चीन या वस्तीत राहिली. तेथे आजही अंड्याचा एक छोटा केक भाजतात. त्याच्या नावातील ‘फरांग’ हा शब्द आपल्या ‘फिरंगी’चाच सोयरा आहे.

सयाममध्ये त्यांचे राज्य नव्हते, केवळ वस्ती होती. वसई-तारापूरकडे मात्र त्यांचे राज्य होते, जमीनदारी होती, धर्मसत्ता होती. मिरची मात्र दोन्हीकडे सारख्याच जोमाने पसरली. मिरचीच्या प्रसाराला राज्यसत्तेची गरज लागली असती, तर सयाममध्ये ती मागे पडावयास हवी होती. तसे झाले नाही. यावरून असे म्हणता येते की, पोर्तुगीजांनी समुद्र ओलांडून बी आणले एवढे श्रेय त्यांचे. पुढील प्रसार गुजराती, मलबारी आणि मलायी व्यापाऱ्यांनी, परसात रोप लावणाऱ्या बायकांनी आणि पक्ष्यांनीही केला. मिरचीतील तिखट द्रव्य पक्ष्यांच्या जिभेला झोंबत नाही. म्हणून लहान मिरच्या ते गिळतात आणि बिया दूरवर टाकतात.

उत्तर कोकणातून माणसेही पूर्वेकडे गेली. संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म वसईचा. पोर्तुगीज पिता व स्थानिक माता यांचा हा मुलगा तरुणपणी जेझुइटांबरोबर जपानला गेला, त्याने मकावला व्यापार केला, मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात प्रवेश केला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रूसावर त्याचा अंत झाला. १८६२ मध्ये त्यास संतपद मिळाले. एका वसईकराच्या आयुष्यात दक्षिण चिनी समुद्राचे सर्व मोठे थांबे यावेत, यावरून त्या काळच्या दळणवळणाची कल्पना येते. अशा प्रवासांत मसाल्याच्या पुड्या आणि बियाणे यांची नोंद कोणी ठेवीत नसे.

शब्दांचा पुरावा

कागदपत्रे जेथे मूक राहतात तेथे शब्द बोलू लागतात. पोर्तुगीजांबरोबर आलेल्या पुष्कळ वस्तूंनी आपली नावेही बरोबर आणली. बटाटा, काजू, अननस, पपई, तंबाखू, पाव या शब्दांवरील परदेशी शिक्का सहज ओळखू येतो. व्यवहारातील ‘लिलाव’ हा शब्दही पोर्तुगीजच. थाई भाषेत लिलावाला ‘लेलांग’ म्हणतात आणि पावाला ‘खनोम पांग’. दोन्ही शब्दांचे मूळ पोर्तुगीज मानले जाते. तारापूरच्या बंदरावर व अयुथ्येच्या घाटावर एकाच प्रकारचे व्यापारी एकाच शब्दाने बोली लावीत होते, याचा यापेक्षा चांगला पुरावा मिळणे अवघड.

मिरचीने मात्र आपले परदेशी नाव टाकून दिले. मराठीने ‘मरिच’ या संस्कृत शब्दापासून आलेल्या मिरीचे नाव तिला दिले, केवळ प्रत्यय बदलून. थाई भाषेने याहून एक पाऊल पुढे टाकले. ‘फ्रिक’ हा मिऱ्याचा जुना शब्द मिरचीला बहाल केला आणि मूळ मिऱ्याला ‘फ्रिक थाई’ म्हणजे ‘थाई मिरची’ असे नवे विशेषण लावावे लागले. परक्या वस्तूने घरच्या वस्तूचे नाव घेतले आणि घरच्या वस्तूला आपले घरचेपण सिद्ध करावे लागले! एकोणिसाव्या शतकातील वनस्पतिविषयक इंग्रजी ग्रंथांत मुंबई भागात मिरचीस ‘गोवाई मिरची’ म्हणत असल्याचा उल्लेख येतो. तिच्या मार्गाची ती शेवटची खूण होय. पुढे ते विशेषणही गळून पडले.

लहान मिरच्यांची नावेही दोन्हीकडे आकारावरूनच पडली. मराठीत लवंगेसारखी म्हणून लवंगी, थाईत उंदराच्या लेंडीसारखी म्हणून ‘फ्रिक खी नू’. मराठी कल्पना अधिक सोज्ज्वळ, थाई अधिक नेमकी, असे म्हणावे लागेल.

नाव बदलल्याचा सामाजिक परिणाम मोठा झाला. वसईकडे विहिरीत पाव टाकून गाव बाटविल्याच्या कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. पाव हा शब्द उच्चारताच फिरंग्याची आठवण होई, म्हणून त्याच्याभोवती विटाळाची भावना दीर्घकाळ राहिली. मिरचीविषयी अशी एकही कथा ऐकिवात नाही. मिरीची धाकटी बहीण म्हणून ती घरात आली आणि तिला कोणी जात विचारली नाही. इतकेच नव्हे, तर ज्या उपवासाला गहू आणि तांदूळ वर्ज्य, त्या उपवासाला हिरवी मिरची चालते. साबुदाण्याची खिचडी या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. तिच्यातील मिरची, शेंगदाणा, बटाटा ही सर्व अमेरिका खंडाची पिके. आजचा साबुदाणाही टॅपिओकाच्या अमेरिकन कंदाचा, आणि त्याच्या नावात मात्र मलायी ‘सागू’ लपलेला. एकादशीच्या ताटात एवढा समुद्रप्रवास क्वचितच कोणाच्या ध्यानी येतो.

मराठीतील ‘तिखट’ या शब्दाचा प्रवासही येथे लक्षात घ्यावा. तीक्ष्ण या अर्थाचे हे विशेषण मिरची येण्यापूर्वी सुंठीला आणि मिऱ्यालाही लागू होते. आज ‘एक चमचा तिखट’ म्हटले की लाल मिरचीची पूड समजली जाते. गुणाचे नाव वस्तूला मिळाले. जुन्या तिखटांवर मिरचीने मिळविलेल्या विजयाची ही भाषिक नोंद आहे.

जवळा आणि कापी

फ्रान्सचा चौदावा लुई याचा वकील म्हणून १६८७ मध्ये सयामला गेलेल्या सिमाँ द ला लुबेर याने १६९१ मध्ये आपला वृत्तान्त प्रसिद्ध केला. सयामी लोकांच्या जेवणात भात आणि मासे मुख्य असून त्यांची कालवणे साधी असतात. पाणी, थोडे मसाले, लसूण, कांद्याची पात अथवा एखादी सुगंधी वनस्पती एवढेच त्यांत असते. त्यांना विशेष प्रिय असलेला एक पदार्थ म्हणजे कोळंबीच्या जातीचे बारीक जीव अर्धवट खारवून कुजवून केलेली ‘कापी’, असे तो सांगतो. या वृत्तान्तात युरोपीय नाक मुरडणे आहे, पण निरीक्षण अचूक आहे. साडेतीनशे वर्षांनंतरही कापीवाचून थाई मसाल्याचे वाटण पूर्ण होत नाही.

पालघरच्या किनाऱ्यावर कापी नाही. पण ज्या जिवापासून ती होते तो जीव आहे. मांगेला आणि कोळी समाज ज्याला जवळा म्हणतो, तो शास्त्रीय वर्गीकरणात ‘अॅसिटीस’ या प्रजातीत मोडतो, आणि आग्नेय आशियातील कापी मुख्यत्वे त्याच प्रजातीच्या कोळंबीपासून करतात. एकाच सागरी जिवाचे दोन देशांत दोन निराळे परिणाम झाले. तिकडे दमट हवेत तो मिठात मुरवून कुटला गेला, इकडे हिवाळ्या-उन्हाळ्याच्या कोरड्या वाऱ्यात वाळूवर पसरून सुकविला गेला. सातपाटी, मुरबे, दांडी, नवापूर या गावांत सुकविलेला जवळा, बोंबील आणि वाकट्या जव्हार-विक्रमगडच्या डोंगरातील आठवडी बाजारांत जात. वारली व इतर आदिवासी कुटुंबांच्या नागलीच्या भाकरीला अथवा भाताला पावसाळ्यात मिळणारे ते बहुधा एकमेव सामिष तोंडीलावणे होते. सुका जवळा तव्यावर भाजून कांदा, मिरची आणि चिंच यांच्याबरोबर परतला की जी चव येते, ती थाई ‘नाम फ्रिक’ या चटणीच्या कुळातलीच आहे: खारट, आंबट, तिखट आणि किंचित कुबट. दोन्ही पदार्थ एकमेकांकडून घेतलेले नाहीत. समुद्राने दिलेला माल सारखा, गरिबाची गरज सारखी, म्हणून चव सारखी, इतके साधे त्याचे उत्तर आहे. इतिहासकार अनेकदा उसनवारी शोधण्याच्या नादात ही शक्यता विसरतात.

असेच दुसरे उदाहरण केळीच्या पानाचे. डहाणू-घोलवड भागातील पारशी कुटुंबांत ‘पात्रानी मच्छी’ करतात. ओले खोबरे, कोथिंबीर, हिरवी मिरची, लसूण, जिरे आणि लिंबू यांची हिरवी चटणी पापलेटच्या तुकड्यांना माखून, केळीच्या पानात बांधून ती वाफवितात. थायलंडात ‘हो मोक’ हा प्रकार आहे. त्यात मासा, मसाल्याचे वाटण आणि नारळाचे दूध एकत्र घोटून केळीच्या पानाच्या द्रोणात वाफवितात. दोन्ही पदार्थांत तिखटपणा बेताचा असतो, कारण पानात कोंडलेल्या वाफेत मिरचीचा भडकपणा तेलात तळल्यासारखा वर येत नाही, आणि खोबरे त्याला आतून आवरते.

नारळ, वाटण आणि तिखटाचा बेत

‘मध्यम तिखट’ ही संज्ञा उपाहारगृहाच्या पत्रकावरची आहे. थाईत ‘फेत क्लांग’ म्हणून ती मागता येते. मराठी घरात तिला ‘बेताचे’ म्हणतात, आणि या शब्दात अधिक अर्थ आहे. बेत म्हणजे अंदाज, योजना. तिखट किती हे मिरचीच्या संख्येवर ठरत नसून बाकीच्या घटकांशी तिचा मेळ कसा घातला यावर ठरते.

याचे रसायनशास्त्र आता पुरेसे स्पष्ट आहे. मिरचीचा तिखटपणा कॅप्सेसिन या द्रव्यामुळे येतो. ते बियांत नव्हे, तर बिया ज्या पांढऱ्या शिरेला चिकटलेल्या असतात तिच्यात अधिक असते. अमेरिकन औषधशास्त्रज्ञ विल्बर स्कोव्हिल याने १९१२ मध्ये तिखटपणा मोजण्याची पद्धत बसविली. कॅप्सेसिन ज्या चेतातंतूंतील ग्राहकाला उद्दीपित करते तो १९९७ मध्ये डेव्हिड ज्यूलियस यांच्या प्रयोगशाळेत ओळखला गेला आणि २०२१ च्या नोबेल पारितोषिकात या संशोधनाचा वाटा होता. तोच ग्राहक उष्णतेनेही उद्दीपित होतो, म्हणून मिरची ‘जळते’. कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळते. नारळाच्या दुधातील स्निग्धांश त्याला धरून ठेवतो आणि जिभेपर्यंत ते हळूहळू पोहोचते. सोलकढी जेवणाच्या शेवटी का पितात, याचेही हेच कारण.

थाई स्वयंपाकात नारळाच्या पहिल्या जाड दुधाला ‘मस्तक’ आणि पातळ दुधाला ‘पुच्छ’ अशा अर्थाची नावे आहेत. जाड दूध कढवून तेल सुटू द्यावयाचे, त्या तेलात वाटण परतावयाचे आणि मग पातळ दूध घालावयाचे, ही मध्य थायलंडची जुनी रीत. ‘केंग खियो वान’ म्हणजे हिरवी करी, हिच्या नावात ‘गोड’ अर्थाचा शब्द आहे. परंतु तो चवीपेक्षा तिच्या सौम्य, दुधाळ हिरव्या रंगाला उद्देशून असल्याचे सांगतात. ही करी फार प्राचीन नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात ती रूढ झाली असे मानले जाते. भारतात ‘पारंपरिक थाई’ म्हणून जी सर्वाधिक मागविली जाते, ती वसई किल्ल्यातील पोर्तुगीज चर्चच्या अवशेषांपेक्षा कितीतरी तरुण आहे.

पालघरच्या किनाऱ्यावर हिरव्या वाटणाची स्वतंत्र परंपरा आहे. माशाचे भुजणे करताना कोथिंबीर, हिरवी मिरची आणि लसूण पाट्यावर वाटून, हळद-मिठाबरोबर माशाला चोळून, थोड्या पाण्यात ते मंद शिजवितात. येथे खोबरे असलेच तर वाटणात जाते, दूध काढण्याची सक्ती नाही. पाटा-वरवंटा आणि थाई दगडी खल यांतील फरकही उपेक्षणीय नाही. पाट्यावर पदार्थ रगडला जातो आणि गुळगुळीत होतो. खलात तो ठेचला जातो, तंतू शिल्लक राहतात आणि गवती चहाचे सुगंधी तेल फुटते. ज्या घरी पाटा आहे तेथे गवती चहाचा बुंधा नीट वाटला जात नाही. एखादी वनस्पती मसाल्यात आली किंवा न आली याचे कारण कधीकधी धर्मात वा व्यापारात नसून दगडाच्या आकारात असते.

भारताचा थेट ठसा जेथे दिसतो ती थाई करी म्हणजे ‘मस्सामन’. तिच्या नावात ‘मुसलमान’ शब्दाचे रूप ओळखू येते. दालचिनी, वेलदोडा, लवंग, जायफळ, जिरे हे भाजलेले कोरडे मसाले तिच्यात पडतात आणि ती थाई करींमध्ये सर्वात सौम्य आहे. इराणी, मलायी आणि भारतीय मुसलमान व्यापारी सतराव्या शतकात अयुथ्येच्या दरबारी मोठ्या पदांवर होते. चिंचणीच्या ताम्रपटातील मधुमतीचेच ते दूरचे व्यवसायबंधू म्हटले पाहिजेत. तेव्हा थाई करी भारतीय की नव्हे, या प्रश्नाचे उत्तर करीगणिक बदलते. मस्सामनपुरते ते बरेचसे होकारार्थी, हिरव्या करीपुरते जवळजवळ नकारार्थी.

बोईसरचे पत्रक

१९६९ मध्ये तारापूर अणुवीज केंद्र सुरू झाले आणि त्याच सुमारास बोईसरलगत औद्योगिक वसाहत आकारास येऊ लागली. भाताची खाचरे आणि गवताळ माळ यांच्या जागी केरळ, उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, गुजरात येथून आलेल्या कामगार-अभियंत्यांची वस्ती झाली. केंद्राच्या तिसऱ्या व चौथ्या संचासाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठली. २०१३ मध्ये उपनगरी गाड्या डहाणूपर्यंत धावू लागल्या, २०१४ मध्ये पालघर जिल्हा झाला. या मिश्र वस्तीच्या शहरात बाहेरचे जेवण म्हणजे प्रथम उडुपी, मग पंजाबी, मग चायनीज, आणि त्याच्या शेपटाला थाई, असा क्रम लागला. तो मुंबईच्या सर्वच उपनगरांचा क्रम आहे. यामागे केवळ खवय्यांची हौस नव्हती. थायलंडच्या शासनाने २००२ पासून परदेशांतील थाई उपाहारगृहे वाढविण्याची मोहीम हाती घेतली होती. ‘थाई’ हे नावच मुळी १९३९ मध्ये सयामचे थायलंड झाल्यावर राष्ट्रीय ओळख म्हणून रुजविले गेले होते. भुजण्यासाठी वा सुक्या जवळ्यासाठी अशी मोहीम कोणी काढली नाही.

मात्र जिल्ह्याच्या मातीने या नव्या पत्रकाला माल पुरविला आहे. डहाणू तालुक्यातील वाणगाव परिसरात ढोबळी आणि तिखट हिरव्या मिरचीची लागवड होते. वाडा कोलम तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. २०१६ मध्ये ते मिळविणारा डहाणू-घोलवडचा चिकू तर मध्य अमेरिकेतून आलेला, आणि तरीही त्याला कोणी परका म्हणत नाही. मिरचीचाही हाच न्याय.

समुद्राची बाजू तितकी सुखाची नाही. औद्योगिक सांडपाण्यामुळे खाड्यांतील मासळी घटल्याची तक्रार घेऊन अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. सातपाटीची ओळख असलेल्या पापलेटला २०२३ मध्ये राज्यमाशाचा दर्जा देण्यात आला, तो त्याची घटती संख्या डोळ्यांपुढे ठेवूनच. १९९१ च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरविलेल्या डहाणू तालुक्यात वाढवण येथील बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. आपली मासेमारीची जागा आणि सुकवणीचे किनारे जातील, अशी भीती मच्छीमार गावे वर्षानुवर्षे व्यक्त करीत आली आहेत. बंदर आवश्यक की नाही हा या लेखाचा विषय नव्हे. तथापि जवळा सुकविण्याला वारा, वाळू आणि मोकळी जागा लागते, आणि त्या तिन्ही गोष्टी कारखान्यात करता येत नाहीत, हे आहारेतिहासाच्या अभ्यासकाने नोंदविणे भाग आहे.

भारतीय बाजारात मिळणाऱ्या तयार थाई मसाल्यांच्या पुष्कळशा बाटल्यांवर शाकाहाराचे हिरवे चिन्ह असते. ते मिळावे म्हणून त्यांतून कापी वगळलेली असते. गवती चहा राहतो, कुलिंजन राहते, मिरची राहते. ला लुबेरने १६८७ मध्ये ज्याची मुद्दाम नोंद केली तो पदार्थ मात्र गाळला जातो. पालघर-तारापूरच्या किनाऱ्याशी सयामचे जे खरे साम्य, ते नेमके त्याच पदार्थात आहे. त्याची मूळ सामग्री मांगेला बायका टोपलीतून विकीत आल्या आहेत.